मागून आणलेली ज्योत

१

माझं व्रत कुठल्या पोथीत सापडायचं नाही. ते मी इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या हॉस्पिटलात, एका काचेच्या पेटीसमोर उभ्या उभ्या बोलले. पेटीत अन्वी होती. दिवस भरायच्या फार आधी आलेली, ओंजळीत मावेल एवढी. अंगाला लावलेल्या नळ्यांच्या गुंत्यात ती नेमकी कुठे आहे, हेसुद्धा मला पहिल्या नजरेत कळायचं नाही. आमचे हे खाली कॉफीच्या मशीनपाशी जाऊन उभे राहायचे. वर यायला त्यांचा धीर होत नसे.

नाताळ जवळ आला होता. त्या दिवसांत इथे चर्चमधून ज्योत घरोघरी न्यायची रीत आहे. एकाच्या दिव्यावरून दुसऱ्याने लावायची, दुसऱ्याच्या दिव्यावरून तिसऱ्याने. हॉस्पिटलातल्या प्रार्थनेच्या खोलीत तशीच एक ज्योत आणून ठेवली होती. तिथली म्हातारी नन मला म्हणाली, "हवी तर घेऊन जा. फक्त विझू देऊ नकोस." मी त्या ज्योतीसमोर हात जोडले आणि आमच्या अंबाबाईला शब्द दिला. आई, हिला जगव. मी ही ज्योत घरी नेईन. तिला कधी काडी लावणार नाही. विझलीच, तर जिला दिली असेल तिच्याकडून मागून आणेन. आणि मागायला आलेल्या कुणालाही नाही म्हणणार नाही.

त्याच संध्याकाळी अन्वीने नळीशिवाय श्वास घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं कधी कधी." मी म्हटलं, होतं ना.

पुढे मराठी मंडळातल्या बायका विचारायला लागल्या. कुणाचा व्हिसा अडकलेला, कुणाला नोकरी हवी, कुणाच्या सासूबाईंचं ऑपरेशन. मी ज्योत देत गेले, त्यांनी पुढे दिली. इथे थडग्यांवर ठेवायला लाल प्लास्टिकचे, वर झाकण असलेले दिवे दुकानात मिळतात. वाऱ्यात विझत नाहीत, म्हणून आम्ही सगळ्या ज्योत न्यायला तेच वापरतो. पहिल्यांदा जरा कसंतरी वाटलं. मग सवय झाली.

२

अन्वी आता दुसरीत आहे. चांगली खातेपिते, भांडते, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये देते. सकाळचा आमचा क्रम ठरलेला. अंघोळ, देवाचं, समईत तेल, विझायला आलेल्या वातीवरून नवी वात. मग डबा, वेणी, आणि शाळेसाठी तीन मजले खाली. जिन्यात दिव्यांना सेन्सर आहेत. माणूस आलं की दिवा आपोआप लागतो.

या नोव्हेंबरात एका सकाळी मी कुलूप लावत होते आणि अन्वी पुढे गेली. बाहेर अजून अंधारच होता. मी वळून पाहिलं तर जिनाही अंधारात. खालून तिच्या बुटांचा आवाज येत होता, एक एक पायरी, आणि एकही दिवा लागत नव्हता. मी पाऊल टाकलं तसा लख्ख उजेड पडला. ती खालच्या वळणावर उभी, वर बघत.

"मामा, दास लिश्त माग मिश निश्त," ती म्हणाली. आई, दिव्याला मी आवडत नाही.

मी हसले. बिघडला असेल सेन्सर. पण त्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या काचेच्या दारासमोर ती माझ्याआधी पोचली आणि दार उघडलं नाही. तिने हात हलवले. उड्या मारल्या. दार बंद. मी मागून दुधाच्या बाटल्यांची पिशवी घेऊन आले आणि ते दोन्ही बाजूंना सरकलं, जणू माझीच वाट बघत होतं. अन्वीला गंमत वाटली. "नोखमाल!" म्हणाली. पुन्हा करू या. आम्ही पुन्हा केलं.

मग मला गंमत वाटेनाशी झाली.

३

"सेन्सरला एक कोन असतो, ईश्वरी," हे म्हणाले. हे गाड्यांच्या कारखान्यात आहेत, सेन्सर म्हणजे त्यांच्या रोजच्या जेवणातलं मीठ. "त्या कोनाच्या खाली आलेलं त्याला दिसत नाही. ती बुटकी आहे."

"मागच्या वर्षी याहून बुटकी होती. तेव्हा लागायचा की!"

"तेव्हा दिवा नवा होता."

रविवार होता आणि अनिमेषभावजी जेवायला आले होते. भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, इथल्याच विद्यापीठात पीएचडी करतात. दर रविवारी वरण-भाताच्या वासाने येतात, असं मी म्हणते. वहिनीच्या ओढीने येतो, असं ते म्हणतात.

"ओढ असती तर निदान ताट उचललं असतं," मी म्हटलं.

"उचलतो ना! पण आधी हे बघा, तुमच्याच कामाचं आहे." त्यांनी टॅब्लेट समोर ठेवला. काळ्या पडद्यावर चौकटींची जाळी आणि त्यात पिवळे ठिपके लुकलुकत होते. "हे माझं संशोधन. आमचे प्रोफेसर याला भारी नाव देतात, पण मी आईला फोनवर काय सांगतो माहितेय? वहिनीच्या व्रतावर पीएचडी करतोय."

"चेष्टा करू नका हं व्रताची."

"अहो, खरंच! प्रत्येक चौकट म्हणजे एक घर. पिवळं म्हणजे दिवा लागलेला. दिवा कधीही आपला आपण विझतो. पण आपला आपण लागत नाही. शेजारच्या पेटत्या घरातूनच घ्यावा लागतो. काडी लावायची नाही! आता प्रश्न एकच. विझण्याआधी एक घर सरासरी किती जणांना ज्योत देतं?" त्यांनी बोटाने एक पट्टी सरकवली. ठिपके वाढले, पडदा सोन्यासारखा झाला. "एका आकड्याच्या वर असलात की हे चालूच राहतं." पट्टी मागे आणली. ठिपके विरळ होत गेले. "त्याच्या जरा खाली आलात, की मग कितीही लावलेले असू देत, विझतातच."

"आणि बरोबर त्या आकड्यावर?"

भावजींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "गेनाऊ! अगदी बरोबर! तिथेच तर मजा आहे. त्या काठावर कळतच नाही. मोठमोठे भाग रिकामे होतात, पुन्हा भरतात. एकाच घराकडे बघत बसलात तर वाटेल, सगळं ठीक आहे."

"आणि सगळे विझले की?"

"मग काही नाही. तिथून परत येता येत नाही. बाकी कुठूनही येता येतं, तिथून नाही."

अन्वीने मध्येच हात घालून पट्टी पुढे ढकलायचा प्रयत्न केला. पट्टी हलली नाही. तिने बोट दाबून ओढलं, मग दुसरं बोट. भावजी हसले. "थंडीने बोटं गारठली की टचस्क्रीनला कळत नाही, मनू. इकडे आण." त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि मी पाहिलं, त्यांचं हसू जरासं थांबलं. पण ते म्हणाले एवढंच की, "गरम तर आहे."

४

मला वाटलं, मीच वेड्यासारखा विचार करतेय. दिवे आणि दारं यंत्रं आहेत. यंत्रं चुकतात. माझी मुलगी समोर बसून पोळीतला तूप-गूळ चाटून खातेय आणि पोळी ताटात ठेवतेय. याहून अधिक असणं म्हणजे काय असतं?

मग शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, अन्वी आज आली नाही, कळवलं का नाही? मी धावत गेले. अन्वी वर्गात होती. खिडकीकडच्या तिच्या बाकावर. पेन्सिलींना टोक करत.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "एन्टशुल्डिगुंग," माफ करा, त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. "मी हजेरी घेतली. नाव घेतलं. बाकाकडे पाहिलंसुद्धा."

"इश बिन डोख दा," अन्वी म्हणाली. मी इथेच आहे की. रागावून नाही. रोज सांगावं लागतं तसं.

डॉक्टरकडे नेलं. वजन, उंची, रक्त, सगळं उत्तम. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी आमच्या फायलीत काही टाइप केलं, चष्मा वर केला, आणि दाराकडे बघून पुढच्या पेशंटला हाक मारली. अन्वी अजून त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलेली होती, एक बाही चढवलेली, दुसरी लोंबती.

त्या दुपारी मी देवासमोर बसले आणि माझ्या मनात भावजींची जाळी आली. ती मी घालवली, परत आली. घरात समई तर शांत तेवत होती. एकाच घराकडे बघत बसलात तर, असं ते म्हणाले होते. म्हणून मी बायकांच्या ग्रुपवर विचारलं, "सगळ्यांकडे ज्योत आहे ना गं?" भराभर उत्तरं आली. "हो ताई." "तेवतेय छान." "आमच्याकडे तर दोन खोल्यांत." हात जोडलेले, फुलं, दिव्यांची चित्रं. माझा जीव भांड्यात पडला. एवढी घरं! मी अन्वीसाठी शिरा केला.

५

दुसऱ्याच आठवड्यात माझी समई विझली.

दर वर्षी घरमालकाच्या कंपनीकडून एक माणूस छताला लावलेले धुराचे अलार्म तपासायला येतो. बटण दाबतो, अलार्म किंचाळतो, सही घेतो, जातो. यंदाचा नवा होता. उदबत्तीच्या वासाने त्याने नाक मुरडलं, "ल्युफ्टन, ल्युफ्टन!" हवा येऊ द्या, म्हणाला, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत देवघराशेजारची खिडकी सताड उघडली. बाहेर बर्फाळ वारा होता. जर्मन माणसाला खिडकी उघडण्यापासून देवही अडवू शकत नाही.

मी लाल दिवा पिशवीत टाकला आणि अन्वीला घेऊन लताकडे गेले. लता आमच्यापासून एक बसस्टॉप दूर राहते, माझ्याकडून ज्योत नेणारी पहिली. तिने दार उघडलं, मिठी मारली, "ये गं, किती दिवसांनी! आणि अन्वीला नाही आणलंस?"

अन्वी आमच्या दोघींच्या मध्ये उभी होती.

"ही काय," मी म्हटलं.

"अगंबाई!" लता कपाळावर हात मारून हसली. "दिसलीच नाही बघ. चष्म्याचा नंबर वाढलाय माझा." तिने अन्वीच्या केसांवरून हात फिरवला, जरा उशिरा, जरा बाजूला.

देवघरात ज्योत होती. सरळ, निश्चल, पिवळी. मी लाल दिव्यातली वात पुढे केली. ती लागेना. मी अजून जवळ नेली. लता माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"ईश्वरी, ती लागायची नाही. बॅटरीची आहे."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. अलार्म वाजला होता गं एकदा, खालचा म्हातारा पोलिसांत जातो म्हणाला. पण भाव तोच आहे ना! रोज नमस्कार करते मी."

"ग्रुपवर 'तेवतेय' लिहिलंस."

"तेवतेच की. विझतच नाही ही, उलट जास्त चांगली."

तिच्यावर रागवावं असं काही नव्हतं. ती खरंच मनापासून बोलत होती. मी तिथूनच ग्रुपमधल्या सरिताला फोन केला. तिची विझली होती, तिने लायटरने लावली. "देवाला काय कळतंय!" म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे, कळतं, पण समजून घेतो." मी एकेकीला फोन करत गेले. बॅटरी. लायटर. सुट्टीला भारतात गेलो तेव्हाच विझली. घर बदललं तेव्हाच. प्रत्येकीला वाटत होतं की बाकी सगळ्यांकडे आहे, तेव्हा आपल्या एकीने काय फरक पडतो.

लताने सरबत आणलं. दोन पेले. एक तिचा, एक माझा. अन्वीने ट्रेकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. त्या न बोलण्याने मला जी भीती वाटली ती मी तुम्हाला सांगू शकत नाही. तिला सवय झाली होती.

६

कुसुमकाकूंचा फोन लागत नव्हता. डॅन्यूब नदीच्या पलीकडे त्या एकट्या राहतात. मुलीच्या बाळंतपणाला आल्या आणि राहिल्या. लाल दिवा त्यांच्या हाती मीच दिला होता. आम्ही बस धरली. मी चढले आणि ड्रायव्हरने अन्वीच्या तोंडावर दार लावलं. मी ओरडले तेव्हा उघडलं. ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "कोण राहिलंय?" त्यानंतर मी तिचा हात सोडला नाही. हातमोज्यातला हात, छोटा, गरम, मध्येच बोटं चाळवणारा. मी स्वतःला सांगत होते, हा हात आहे. हे मला कळतंय. मग बाकीच्यांना न कळो.

चार वाजता इथे उजेड जातो. काकूंची इमारत जुनी, जिना लाकडी, आणि दिव्याचं बटण वरच्या मजल्यावर आहे की खाली, ते आठवेना. आम्ही अंधारातच चढायला लागलो. अन्वी जर्मनमध्ये पायऱ्या मोजत होती, तिची खोड आहे ती. तिचा आवाज माझ्या बाजूने येत होता. मग वरून आला. वळणाच्या वर कुठेतरी, तोच आवाज, पुढचा आकडा. मग खालून, आम्ही सोडून आलेल्या पायऱ्यांवरून. बुटांचा आवाजही तसाच, इथे, मग तिथे, मध्ये काहीच नाही. हात माझ्या हातात होता. मी तो घट्ट धरला. किंवा मी माझी मूठ घट्ट केली. मला आता सांगता येत नाही.

लाकडी जिन्यात आवाज घुमतो, मी मनात म्हटलं. जुनी घरं अशीच असतात.

"अन्वी," मी हाक मारली.

"दा," इथे, असं वरून आलं. आणि खालूनही.

वर कुठेतरी कडी वाजली. काकूंनी दार उघडलं होतं, त्यांना आमची चाहूल लागली असावी. त्यांच्या घरात विजेचे दिवे लावलेले नव्हते. पॅसेजच्या टोकाला देवघर, आणि तिथे निरांजनात एकच ज्योत, वाऱ्याने हलणारी, काजळी धरलेली, खरी.

"कोण गं?" काकू म्हणाल्या.

माझ्यापुढे दोन पायऱ्यांवर अन्वी उभी होती. तिची लोकरी टोपी मला दिसत होती, पाठीवरचं दप्तर दिसत होतं, सैल झालेली वेणी. ती दाराच्या बरोबर मधोमध, त्या ज्योतीच्या आणि माझ्या मध्ये उभी होती.

आणि ज्योत मला पूर्ण दिसत होती. वातीपासून टोकापर्यंत.

७

मी दिवा कसा लावला, ते मला नीट आठवत नाही. लाल झाकणाखाली ज्योत धरली तेव्हा काकू कुणाशी तरी बोलत होत्या. "किती उंच झालीस गं! ये, चकली खा." मी भिंतीला टेकून ते ऐकत राहिले. परतताना मी अन्वीला पुढे सोडलं, आणि आमच्या इमारतीत शिरल्यावर जिन्यातला दिवा लागला. पहिल्या मजल्यावरचा. दुसऱ्या मजल्यावरचा लागला नाही. मी एक पायरी मागे होते. खालचा माझ्यासाठी लागला असेल.

ह्यांना सांगितलं. ते उठून दारात गेले आणि अन्वीला जिन्यात वर-खाली करायला सांगत राहिले. आत आले तेव्हा सेन्सरबद्दल काही बोलले नाहीत.

भावजींना सांगितलं तेव्हा वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. "आता किती घरं आहेत, वहिनी?" "आमचं आणि काकूंचं. आणि काकू संक्रांतीला कायमच्या पुण्याला चालल्यात." ते केस ओढत विचार करत बसले. "हे बघा, मला यातलं काही कळत नाही. मी ठिपक्यांवर काम करतो, माणसांवर नाही. पण ठिपक्यांचं सांगतो. जाळी लहान असली की कधी ना कधी विझतंच, कितीही जपलं तरी. जाळी मोठी करा. आणि प्रत्येक घराने एकाहून जास्त घरांना द्यायला हवं. निदान दोघांना. म्हणजे..." ते उठले. आत जाऊन अन्वीजवळ बसले आणि तिला मोठमोठ्याने काहीतरी वाचून दाखवायला लागले.

मी घाबरट बाई नाही. देवीने एकदा ऐकलं, ती ऐकणारी आहे. माझ्या मुलीला ताप नाही, दुखणं नाही, काल तिने शाळेत बर्फाचा ससा केला. बाईंना तो फार आवडला. कुणी केला, असं त्यांनी वर्गाला विचारलं.

म्हणून हे लिहितेय. तुमच्याही घरात कुणीतरी असेल ज्याच्यासाठी तुम्ही काहीही कराल. माझ्यासारखं व्रत धरा. आमच्याकडून ज्योत न्या. कोलोनला असा, वाल्डॉर्फला असा, लांब असाल तर मी ट्रेनने लाल दिवा घेऊन येईन, कुणी विचारलं तर सांगेन, स्मशानात चाललेय. काडी लावू नका, लायटर नको, बॅटरी तर नकोच. विझली तर संकोच न करता मागा. आणि नेलेल्या दिवसापासून दोघींना तरी द्या, त्यांना सांगा पुढे दोघींना द्यायला. बाकीच्यांकडे आहे, असं समजू नका.

घरी याल तेव्हा दार अन्वीच उघडेल. तिला आवडतं. आधी तिच्याशी बोला, मग माझ्याशी. नावाने हाक मारा. दिसली नाही, तरी मारा.